आमच्या हिश्श्याचे पतंग

१ जुलै, मंगळवार
आजपासून रोजनिशी. मॅट्रिकनंतर हिशेबाशिवाय काही लिहिलं नव्हतं, पण हात चालू आहे, जमेल.

कारण असं. सकाळी संचिताचा फोन आला. ह्यांना. आमच्या लेकीचा फोन नेहमी ह्यांनाच येतो. ह्यांचं म्हणणं, मी फोनवर 'हं' पलीकडे काही बोलत नाही. ऐकणाऱ्या माणसाने आणखी काय बोलायचं?

तर पुण्याच्या तिच्या संस्थेचा किनारपट्टीवर पतंगांचा सर्व्हे आहे. पतंग म्हणजे कागदाचे नव्हेत, रात्री दिव्यावर येतात ती पाखरं. लोकांनी आपापल्या बागेत चादर टांगायची, समोर दिवा लावायचा, म्हणजे ट्रॅप झाला. चादरीवर बसतील त्यांचे फोटो काढून ॲपवर टाकायचे. ज्या बागेत जास्त जाती सापडतील तिथे अवसेला संस्थेची माणसं स्वतः येणार. त्यांच्यात संचिता.

गेल्या दोन गणेश चतुर्थ्यांना ती घरी आली नाही. रजा नव्हती म्हणे. मी एका शब्दाने बोलले नाही. 'ये' म्हणून तर मी कधीच म्हणत नाही. स्वतःच्या घरी यायला का आवतण लागतं? पण संस्थाच पाठवत असेल तर गोष्ट वेगळी. एकदा पायाला आमच्या आचऱ्याची माती लागली की चतुर्थीला आपोआप येईल.

तेव्हा निवडलेली बाग आमचीच असणार. ठरलं. रामेश्वराला नारळ बोलले. काम झाल्यावर देणार. आधी दिला तर देवाला तरी आठवण कशी राहायची?

२ जुलै, बुधवार
ट्रॅप तयार. पडवीच्या तोंडाशी बांधला, म्हणजे पाऊस लागणार नाही आणि समोर तुळस आहे.

चादर लग्नातली, ट्रंकेतून काढली. डांबराच्या गोळ्यांमुळे अजून एक भोक नाही. बल्ब देवघरातला, झिरोचा, पिवळा. ॲपवर 'प्रखर पांढरा दिवा' लिहिलंय. शहरातल्या लोकांना बिलाची किंमत नसते. येणाऱ्याला उजेड पुरतो, झगमगाट लागत नाही.

तिन्हीसांजेला तुळशीपुढे धूप करतेच. आज चांगल्या कामाची सुरुवात म्हणून ट्रॅपलाही दाखवला, कडुलिंबाचा पाला जरा जास्त घालून. हे खोकत पडवीतून बाहेर आले. म्हणे, "पाखरां धरतंस काय माका मारतंस?"

समोरून तुळसा बघत होती. तुळसा माझी धाकटी जाऊ. भाऊ वेगळे झाले तेव्हा घरं दोन झाली, मधलं खळं, म्हणजे अंगण, आणि फणस मात्र सामाईक राहिला. तिने पर्यटकांसाठी होमस्टे काढलाय. तिथूनच ओरडली, "अक्का, ऐन पावसात चादर कित्याक सुकत घातलंस गो?" मी म्हटलं, सुकत नाही घातली, विज्ञान चाललंय. तर म्हणते, "मगे घट्ट पीळ तरी!"

शिकलेली नाही. सोडून दिलं.

नऊला बल्ब बंद केला. पतंगांनाही वेळेवर यायची सवय लागायला हवी.

४ जुलै, शुक्रवार
जमा : डास. एक पाल, चादरीच्या मधोमध. पाल मोजत नाहीत. पण पाल उपाशी जागी थांबत नाही, म्हणजे पतंग येऊन गेले असणार. ते पालीने खाल्ले. पालीवर राग नाही, पण तिने घरची असून असं करायला नको होतं.

५ जुलै, शनिवार
पाल नाही. पतंगही नाहीत. धूप वाढवला.

आज कारण कळलं. तुळसाच्या पडवीत दोन लांब पांढऱ्या ट्यूब आहेत, पर्यटकांना झगझगीत लागतं म्हणून. तिथे पतंग लग्नाच्या पंगतीसारखे बसलेले! भिंतीवर, खांबावर, ट्यूबवर, वाळत घातलेल्या टॉवेलवर. हिरवे, तपकिरी, पंखांवर डोळे काढलेले. आमच्या फणसावरून उठायचे, आमच्या तुळशीवरून जायचे आणि तिच्याकडे उतरायचे. माझ्या डोळ्यांदेखत. मी तीन दिवसांपासून त्यांच्यासाठी चादर धरून बसलेली आणि एकही थांबला नाही.

ह्यांना सांगितलं तर म्हणे, "तो झिरोचो बल्ब माकाच दिसना नाय, पाखरांक काय दिसतलो?" ह्यांना मोतीबिंदू आहे.

६ जुलै, रविवार. आषाढी एकादशी
उपास. दुपारी संचिताने घरच्या ग्रुपवर टाकलेला व्हिडिओ तीनदा पाहिला. सगळ्यात मोठा पतंग ताटलीएवढा असतो, ॲटलास म्हणतात. आपल्याकडे दालचिनीवर वाढतो. आणि त्याला म्हणे तोंडच नसतं! सुरवंट असताना खाल्लं तेवढंच, पंख फुटले की काही नाही. पाणीसुद्धा नाही. म्हणजे उरलेला जन्म निर्जळी एकादशी.

डोळ्यांत पाणी आलं. असा व्रतस्थ जीव, आणि उतरतो कुठे, तर जिथे आज एकादशीच्या दिवशी पर्यटकांसाठी अंडी फुटतात तिथे. माणसांकडून अपेक्षा सोडून वर्षं झाली. पाखरांकडून होती.

७ जुलै, सोमवार
विचार केला. शांतपणे, देवासमोर बसून.

फणस सामाईक. खळं सामाईक. पतंग वाढतात झाडावर. सामाईक झाडाच्या फळात दोन्ही घरांचा निम्मा हिस्सा असतो, हे तलाठीसुद्धा नाकारणार नाही. मग त्याच झाडावरच्या पतंगाचं काय? तो उडून तुळसाच्या पडवीत बसला म्हणून हिस्सा उडत नाही. फणस तिच्या बाजूला पडला तरी अर्धा आपण आणतोच ना!

सकाळी फुलं काढायला गेले ती तिच्या पडवीवरून. रात्रीचे कितीतरी पतंग खाली पडलेले. ती उठून केरसुणी मारणार, सगळं शेणखताच्या खड्ड्यात. ज्ञानाचा केवढा नाश! निम्मे उचलले. निम्म्याहून एकही जास्त नाही. परडीत, वर जास्वंदी. घरी आणून चादरीवर नीट बसवले, फोटो काढले, अपलोड. ठिकाण : आमची बाग.

खोटं काही नाही. बाग आमचीच आहे.

९ जुलै, बुधवार
ॲपवर माझं नाव चढतंय, 'सुगंधा काकू'! पतंग ओळखून देणारे कोणी निलेश सर आहेत, ते प्रत्येक फोटोखाली जात लिहितात. आज एका हिरव्याखाली विचारलं, "हा नमुना मृत आहे का?"

मी लिहिलं, शांत आहे.

त्यांनी विचारलं, पंख असे दुमडलेले का? लिहिलं, थकलाय. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. सभ्य माणूस वाटतो.

१० जुलै, गुरुवार. गुरुपौर्णिमा
संचिताचा फोन. मला!

म्हणाली, "आई, एवढे सगळे आपल्याकडे?" मी म्हटलं, आपल्याकडेच. मग तिने विचारलं ट्रॅप कुठे आहे, किती वाजता येतात, पावसात कमी होतात का. मी सगळं सांगितलं. कितीतरी वेळ बोललो. ती हसली पण एकदा. जेवलीस का विचारायचं राहून गेलं, पण विज्ञानात मध्येच जेवण घुसवणं बरं दिसत नाही.

ह्यांना म्हटलं, बघा, बोलते ना मी फोनवर. हे म्हणाले, "माझ्याक फोन दिलंस नाय मगे?" जळतात.

१२ जुलै, शनिवार
ह्यांनी परडी बघितली. रागावले. "देवाची फुलां आणि मेलेली पाखरां एकाच परडीत? काय आसा काय नाय तुका?"

मन चरकलं. खरं आहे ते. केवढी चूक झाली माझ्या हातून! ताबडतोब परडी धुतली, देवाला गाऱ्हाणं घातलं, आणि पतंगांसाठी वेगळी परडी केली. आता मन स्वच्छ आहे.

१५ जुलै, मंगळवार
विश्वासघात. दुसरा शब्द नाही.

पडवीत काळोख! तुळसाने ट्यूब बंद केल्या. पर्यटक नाहीत म्हणून. सर्व्हेला आठवडा राहिला आणि ही बिल वाचवायला निघाली. चार माणसांचा विचार करायचा की नाही?

विषय न काढता विषय काढायला गेले. म्हटलं, तुळसा, आषाढात पडवी काळोखी ठेवू नये, लक्ष्मी दारावरून परत जाते. ती म्हणाली, "अक्का, तू नवाक दिवो घालवतंस, तुझी लक्ष्मी खंय जाता?" म्हटलं, आमची आधीच आत असते. ती हसली. मग म्हणाली, "आणि बिल तू भरतलंस?" मी म्हटलं, देवाच्या कामात हिशेब बघू नये.

रात्री ट्यूब लागली. दोन्ही. माझ्या शब्दाला अजून घरात मान आहे.

१६ जुलै, बुधवार
उचलायला सोपं जातंय. पूर्वी पडवीभर वेचावं लागायचं, आता सगळे एका कोपऱ्यात, केळीच्या पानावर पडलेले असतात. वारा त्या बाजूला लोटत असणार. देव काम करणाऱ्याच्या पाठीशी असतो.

१८ जुलै, शुक्रवार
निवड झाली. आमची!

संचिता येणार. सोबत तिच्या स्वप्ना मॅडम. गुरुवारी, २४ला, अवसेला. काळोख्या रात्री पतंग जास्त येतात म्हणून अवस.

रामेश्वराला नारळाची आठवण आहे म्हणून सांगितलं. चतुर्थी झाली की देते. संचिता तोपर्यंत थांबणारच असेल किंवा जाऊन येईल, तेव्हा एकाच नारळात दोन्ही कामं होतील.

२० जुलै, रविवार
दिनदर्शिका बघत होते. २४ला आषाढी अवस, म्हणजे दिव्यांची अवस! घरातले सगळे दिवे घासून, पाटावर मांडून, लावून पूजा करायची ती. केवढा योग! ज्या रात्री घरातला एकूण एक दिवा पेटणार, त्याच रात्री पतंगांचा सर्व्हे. पतंगांना दिवा हवा, इथे दिव्यांची रास. एका बल्बला न आलेले पतंग समया, निरांजनं, कंदील आणि कणकेचे दिवे बघून कसे नाही येणार?

हे तोंड पाडून बसलेत. गटारी गुरुवारी आली. गुरुवारी आमच्याकडे कोंबडीचं नावसुद्धा निघत नाही, दुसऱ्या दिवसापासून श्रावण. ह्यांनी विचारलं, बुधवारी चालेल काय. मी म्हटलं, मुलगी विज्ञानाला येतेय आणि तुम्हाला वडे-सागोती सुचते!

२२ जुलै, मंगळवार
एकच अडचण. त्या रात्री तुळसाच्या ट्यूब लागलेल्या असल्या तर हे कृतघ्न पुन्हा तिकडेच जाणार.

तिला म्हटलं, गुरुवारी एक रात्र ट्यूब बंद ठेव. कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "गेल्या मंगळवारी सांगलंस, लक्ष्मी काळोखात येना नाय. आता अवसेक तिका सुट्टी आसा काय?"

म्हटलं, दिव्यांची अवस, त्या दिवशी तेलाचे दिवे लावायचे, विजेचे नव्हे. ती म्हणाली, "लावतंय ना, दोनय लावतंय. माझी लक्ष्मी जाडी आसा, तिका उजेड जास्त लागता."

सख्खी जाऊ. माझ्या मुलीच्या कामाला एक रात्र देत नाही. लिहून ठेवते.

२४ जुलै, गुरुवार. दिव्यांची अवस. दुपार
आली!

बारीक झालीय. केस कापलेत. मी काही म्हटलं नाही, फक्त केस कापलेस म्हटलं. मॅडम बऱ्या आहेत, पाया पडल्या. घावणे केले होते, मॅडमनी चार खाल्ले, संचिताने दोन. पुण्यात भूक मरते.

मग ट्रॅप बघायला आल्या. संचिताने चादर हुंगली. म्हणाली, "आई, डांबराच्या गोळ्या?" म्हटलं, म्हणूनच टिकलीय. तिने बल्ब बघितला. मग धुपाटणं बघितलं, त्यातला कडुलिंबाचा पाला बघितला. मग माझ्याकडे. "आणि एवढे पतंग ह्या दिव्यावर आले?"

मी म्हटलं, आपल्याकडेच आले.

ती मॅडमशी इंग्रजीत बोलली. बहुतेक माझ्याबद्दल अभिमान. डोळ्यांवरून वाटलं.

दिवे घासून झाले. पितळ नुसतं झळकतंय. संध्याकाळची वाट बघतेय.

२५ जुलै, शुक्रवार. श्रावण सुरू
लिहायचं नव्हतं. पण रोजनिशी म्हणजे रोजनिशी.

काल तिन्हीसांजेला सगळे दिवे लावले. पाटावरची पूजा झाली, मग ओट्यावर, पायऱ्यांवर, तुळशीभोवती, चादरीच्या दोन्ही अंगांना. माझ्या माहितीत आमचं घर एवढं सुंदर कधी दिसलं नव्हतं. मॅडम बाहेर आल्या आणि उभ्याच राहिल्या. मला वाटलं भारावल्या. मग हळूच म्हणाल्या, काकू, आजची रात्र आम्ही अंधारासाठी निवडली होती. मी म्हटलं, आणि आम्ही उजेडासाठी. त्या म्हणाल्या, एवढ्या दिव्यांत पतंग विखुरतात, हे थोडे शांत करता येतील का? दिव्यांच्या अवसेला दिवे शांत करायचे! मी संचिताकडे बघितलं. ती म्हणाली, "राहू देत मॅडम. आईचं व्रत आहे." आपल्या बाजूने बोलली म्हणून मला बरं वाटलं. एवढ्यात तिने सामान उचललं आणि तुळसाच्या घरामागे चालायला लागली. तिथे घराच्या आडोशाने आमचा उजेड पोचत नाही, आणि दालचिनी आहे.

आणि तुळसा! मला दोन दिवसांपूर्वी 'दोनय लावतंय' म्हणणारी तुळसा! संचिताने नुसतं "काकी, ट्यूब बंद करशील?" म्हणायचा अवकाश, तर म्हणते, "ट्यूब कित्याक, मेन स्वीचच काढतंय. बाय माझी कधी नव्हती ती इली."

मी ओट्यावर एकटी बसले, एवढे दिवे लावून. एक पतंग नाही. धूप मात्र सरळ वर गेला.

शेवटी चहा घेऊन गेले. कोणी चहाचं विचारलं नव्हतं, पण श्रमलेली माणसं. बघते तर त्यांच्या चादरीवर पाय ठेवायला जागा नाही. आणि संचिताच्या मनगटावर तो. ॲटलास. मनगटापासून कोपरापर्यंत पसरलेला, तांबूस, पंखांना खिडक्या. संचिता श्वास धरून हसत होती, लहानपणी गणपती आणताना हसायची तशी. मला बघून म्हणाली, "आई, बघ गो! काकीच्या दालचिनीवरचा!"

आमच्याकडेही दालचिनी होती. गेल्या वर्षी सुरवंटांनी पानं खाल्ली म्हणून मी तंबाखूचं पाणी मारलं. जाड हिरवे सुरवंट होते. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग मॅडम तुळसाला म्हणाल्या, तुमच्याकडे खूपच पतंग येत असतील. तुळसा मोकळेपणाने म्हणाली, "येतत तर! आमची अक्का रोज सकाळी परडी भरून न्हेता. देवाक व्हायता काय काय, माका म्हायत नाय. म्हणान मी झाडून टाकूचा सोडलंय, कोपऱ्यात केळीच्या पानार गोळा करून ठेवतंय तिच्यासाठी. मोठी जाव, तिचा काय ता व्रत असतला."

मॅडमनी चहा बघितला. संचिताने पतंग बघितला. रागावली असती तरी चाललं असतं. ती म्हणाली, "आई, चहा गार होतोय," आणि स्वतः कप वाटले.

तुळसाने माझा घात केला. माहीत होतं तर आधी सांगायचं होतं. आणि पान कशाला घालायचं?

२६ जुलै, शनिवार
गेल्या.

जायच्या आधी संचिताने ॲपवर दुरुस्ती केली. माझे सगळे पतंग तुळसाच्या नावावर. बोटाने नुसतं दाबलं, झालं. तलाठ्याकडे एवढ्या फेरफाराला दोन पिढ्या जातात. मी म्हटलं, निम्मे तरी ठेव, फणस सामाईक आहे. ती हसली नाही, म्हणजे पटलं असावं, पण नियम आड आला.

पण बातमी चांगली आहे. सर्व्हे दिवाळीपर्यंत दर अवसेला होणार. इथेच. म्हणजे तुळसाच्या मागच्या दारी. पुढची अवस २२ ऑगस्ट, आणि चतुर्थी २७ला! मी म्हणतच होते, एकदा माती लागली की झालं. संचिताची एकच अट : "आई, त्या रात्री बाहेरचा दिवा नको, धूप नको." मी म्हटलं, विज्ञानासाठी मी काय काळोखात बसणार नाही?

म्हणजे आता सर्व्हेचा अर्धा भार माझ्यावरच आहे. काळोख आमच्याकडून.

१० ऑगस्ट, रविवार
तुळसाशी बोलत नाही. तिला कळलेलं दिसत नाही. काल नारळाची वडी घेऊन आली. खाल्ली. बोलले नाही.

गणपतीवर बांधायच्या माटोळीला लागणारी फळं कोणाकडून आणायची ते ठरवलं. संचिताची खोली झाडली. ह्यांनी विचारलं, ती चतुर्थीला राहणार असं म्हणाली का? म्हटलं, म्हणायला कशाला हवं? २२ला येणारी मुलगी २७ची चतुर्थी सोडून जाईल का? ह्यांना हिशेब कधी जमलाच नाही.

२३ ऑगस्ट, शनिवार
काल संचिता आली. एकटी. बॅग आमच्याकडे, बाकी सगळं तिकडे.

मी शब्द पाळला. संध्याकाळपासून एक दिवा नाही. देवाजवळची समई लावली आणि देवघराचं दार ओढून घेतलं. ओट्यावर काळोखात बसले. हे अंधारात कसलं तरी मडकं लाथाडून पडले, त्यांनाही गप्प बसवलं. तुळसाच्या मागच्या दारी पांढरा उजेड, त्यात दोघी. तुळसा काहीतरी सांगतेय आणि संचिता हसतेय. ऐकू येत नव्हतं.

आज सकाळी संचिताने बॅग भरली. मी म्हटलं, एवढी घाई? ती म्हणाली, "आई, ह्या अवसांसाठी सगळ्या रजा लावून टाकल्या. चतुर्थीला नाही मिळायची."

तिसरी चतुर्थी.

मी म्हटलं, बरं. काम महत्त्वाचं. तिला दारापर्यंत पोचवलं. तिने वळून बघितलं, काहीतरी बोलणार होती असं वाटलं. मी म्हटलं, छत्री घेतलीस ना?

नंतर तुळसा आली. म्हणे, "अक्का, तू तिका एकदा तरी 'चतुर्थीक रव गो' म्हणालंस काय? माका काल विचारी होती, आई काय म्हणता चतुर्थीचा." मी तिला सांगितलं, आमच्याकडे आवतण देऊन लेकी बोलवत नाहीत. मग आठवलं की तिच्याशी बोलत नाहीये. पण तोपर्यंत बोलून झालं होतं.

२६ ऑगस्ट, मंगळवार. हरितालिका
उपास. उद्या गणपती.

मोदकाच्या पिठाचे तांदूळ काढायला डबा उघडला आणि आतून पतंग उडाला. जिवंत! राखाडी, नखाएवढा, थेट भिंतीवर जाऊन बसला. ना दिवा, ना चादर, ना धूप. माझ्या स्वयंपाकघरात, स्वतःच्या मनाने आला. फोटो काढला, ॲपवर टाकला, संचितालाही पाठवला. वेगळा. घरच्या ग्रुपवर नाही, तिलाच.

निलेश सरांचं लगेच आलं. जात लिहिली, रेकॉर्ड पक्कं. ठिकाण : सुगंधा काकूंचं घर. पुढे कंसात : जिवंत.

संचिताचा फोन आला. मला. हसत होती. म्हणाली, "आई, हे तांदळात होणारं पाखरू गो. डब्यात अजून असतील. सगळे तांदूळ उन्हात घाल." बाहेर पाऊस कोसळत होता. मी म्हटलं, घालते. ती म्हणाली, "कसले तांदूळ होते?"

मी म्हटलं, असेच.

वासाचे होते, नवे. गावठी. तिला त्यांचेच मोदक लागतात म्हणून शिमग्यापासून वेगळे काढून ठेवले होते. परातीत ओतले तर जाळी धरलेली, निम्मे पीठ. निवडत बसले. मग तुळसा आली, परात अर्धी आपल्याकडे ओढली आणि निवडायला लागली. मी सूप तिच्याकडे सरकवलं.